रिलीव्हर येईपर्यंत

२ सप्टेंबर, सोमवार

सरकारने फी भरली नसती, तर मी हे काम करायला आले असते का? सेवा केंद्रातल्या मॅडमनी आज तोंडावर विचारलं. बाकीची मुलं पटापट "हो" म्हणाली. मी म्हणाले, "माहीत नाही." मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "निदान खरं बोलतेस." मग त्या 'माहीत नाही'चाच मला दिवसभर अभिमान वाटत राहिला, हेही लिहायला हवं. घरी येऊन पुन्हा विचार केला. अजूनही माहीत नाही.

योजना सरळ आहे. कॉलेजची फी सरकारने भरली. निकालही लागला. पण पदवीचा कागद हातात पडायचा तर डिसेंबरातल्या पदवीदानापर्यंत नेमून दिलेल्या ठिकाणी समाजसेवा करायची. माझ्या वाट्याला एकट्या राहणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई आल्यात. रोज दुपारी जायचं, सोबत करायची, बाजारहाट, औषधं बघायची. आणि शनिवारी केंद्रात सगळ्यांपुढे उभं राहून आठवड्याचं सांगायचं. मॅडमचा नियम एकच. "दिसेल ते सांगा. लपवू नका, फुगवू नका." मला हा नियम फार आवडला.

बाबा एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवतात. म्हणाले, "आमचा जन्म दुसऱ्यांना वर पोचवण्यात गेला. आता आमच्यातलंही कुणी पोचलं."

"अहो, पोरीला वर काय पोचवताय, शुभ बोला!" आई ओरडली. धाकटा भाऊ हसून हसून लोळला.

आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते. सगळं हसून झाल्यावर तिने विचारलं, "त्या बाईंना कुणी विचारलंय का, की तुम्हाला कुणी यायला हवंय म्हणून?"

मी म्हणाले, योजनेत तसं नसतं.

४ सप्टेंबर, बुधवार

तिसरा मजला. जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने मागे फिरायचं. तळाला शिंप्याचं दुकान आहे आणि मशीनचा आवाज वरपर्यंत येतो. बाईंच्या दाराच्या कडीला लाल दोऱ्याचा गोंडा बांधलाय.

दार उघडलं. पाठ ताठ, केस चापून बसवलेले. म्हणाल्या, "बोला, कुठं जोडून देऊ?"

मी गडबडलेच. मग कळलं, त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होईपर्यंत तीच नोकरी. अख्खी इमारत त्यांना एक्स्चेंजच्या मावशी म्हणते. मीही मावशीच म्हणणार.

माझं नाव सांगितलं. दोनदा विचारलं त्यांनी. मग म्हणाल्या, "एवढं लांब नाव बोर्डावर मावत नाही. मी तुला ट्रेनी म्हणेन." पहिल्याच दिवशी लाडाचं नाव मिळालं!

खिडकीशी लाकडी हातांची खुर्ची, शेजारी स्टुलावर काळा जुना फोन. मुलगा दूरदेशी असतो, रविवारी फोन करतो. काय करतो तो, मी विचारलं. मावशींनी बोट वर केलं. "लाइन एंगेज आहे. थोड्या वेळानं लावा." मी हसत सुटले. या वयात असा हजरजबाबीपणा मला आला तर काय पाहिजे!

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज मावशी भरभरून बोलल्या. जुनं एक्स्चेंज त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख आहे. लांबच लांब बोर्ड, त्याच्यापुढे ओळीने मुली, कानाला हेडफोन, हातात दोऱ्या. दिवा लागला की प्लग घालायचा.

"दोन नियम," त्या म्हणाल्या. "एक, ऐकू येतं, पण ऐकायचं नसतं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा बाप गेला, सगळं आपल्या कानावरून जातं. ते जिन्याखाली न्यायचं नाही. एका मुलीनं नेलं होतं. चांगल्याच हेतूनं. दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची रिकामी."

"आणि दुसरा?"

"रिलीव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. पाळी संपू दे, नाहीतर आकाश कोसळू दे. रिलीव्हर मागून येणार, खांद्यावर हात ठेवणार, म्हणणार, मी आले, उठा. मग किती लाइनी चालू आहेत ते तिला सांगायचं, हेडफोन तिच्या हातात द्यायचा, आणि मग उठायचं. एकदा गावात पुराचं पाणी शिरलं. माझी रिलीव्हर दुसऱ्या दिवशी आली."

"तुम्ही बसूनच?"

"मग काय निजणार होते? लोक एकमेकांना शोधत होते गं."

निघताना त्यांनी मला दुसऱ्यांदा चहा दिला. पहिल्याचा कप अजून माझ्या हातातच होता. पाहुणचार किती! नाही म्हणवेना, प्याले.

२१ सप्टेंबर, शनिवार

केंद्रातली बैठक. एका मुलाचे आजोबा त्याला रोज चोर समजून काठी उगारतात. त्याने काठीसकट अभिनय करून दाखवला. माझी पाळी आली तेव्हा मी सगळं क्रमाने सांगितलं. काय खाल्लं, किती चाललो, कोणती गोळी कधी. मॅडम इतरांना म्हणाल्या, "असं सांगायचं असतं." रस्ताभर पाय जमिनीला लागले नाहीत.

३ ऑक्टोबर, गुरुवार

काही गोष्टी मला उलगडत नाहीत, त्या लिहून ठेवते.

फडताळात पावाची तीन पाकिटं होती, तिन्ही आजची. मी विचारलं तर मावशी म्हणाल्या, "पाहुणे येणार आहेत." कुणी आलं नाही. जाताना चौकातला दुकानदार जिन्यात भेटला. "बाईंकडची दोन द्या इकडे," म्हणून पाकिटं घेऊन गेला. जणू हे रोजचंच.

खाली शिंपीकाकांनी मशीन थांबवून हाक मारली. "काय हो पदवीधर, शनिवारी तिकडे काय काय सांगता?"

"सगळं," मी म्हणाले.

"सगळं म्हणजे?"

"दिसेल ते."

त्यांनी सुईत दोरा ओवला. तो आधीच ओवलेला होता. "बरं," म्हणाले. "पायऱ्या जपून उतरा."

९ ऑक्टोबर, बुधवार

आज उशिरापर्यंत थांबले आणि एक सुंदर गोष्ट शोधून काढली.

दुपारचा चहा झाला की मावशींच्या गॅसच्या नळीचा जिन्यातला खटका बंद होतो. तो शिंपीणकाकू बंद करतात! मावशींना वाटतं, पुरवठाच तेवढा असतो. सकाळी काकू तो चालू करतात आणि चहा होईपर्यंत दारात मटार सोलत बसतात. मावशी सारख्या दुसऱ्याच मजल्यावर दार ठोठावायच्या, म्हणून तो लाल गोंडा काकांनी बांधला. बाहेर पडून रस्ता चुकल्या तर चौकातला दुकानदार "अहो मावशी, तुमचा फोन वाजतोय" एवढंच ओरडतो. त्या लगबगीने घरी येतात. कुणीही कधी त्यांना 'तुम्ही विसरता' असं म्हणालेलं नाही.

आणि संध्याकाळी काकू वर येतात. मी बघत होते. मावशी खिडकीशी बसलेल्या, फोनकडे तोंड करून. काकू मागून गेल्या, खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, "मी आले, उठा." मावशी मुकाट उठल्या आणि पलंगावर जाऊन पडल्या. किती हा जिव्हाळा, शेजारीणही त्यांच्याच भाषेत बोलते! काकू मला म्हणाल्या, "हे तुमच्यापाशीच राहू द्या हं."

मी म्हणाले, अहो, यात लपवण्यासारखं काय आहे? अभिमानाची गोष्ट आहे.

त्या काहीतरी बोलणार होत्या, पण गुडघा धरून जिना उतरायला लागल्या.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आईला सगळं सांगितलं. ती इस्त्रीने भाजलेल्या बोटाला मलम लावत होती. म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी म्हणाले, "आई, अशानेच समाज पुढे जात नाही. चांगलं काम दिसायला हवं, तरच चार लोक शिकतील."

"चांगलं काम दिसलं की त्याच्याबरोबर दुसरंही दिसतं, बाळा."

"दुसरं काय?"

ती म्हणाली, "जेव आता."

१२ ऑक्टोबर, शनिवार

आजच्याइतकं चांगलं मी कधीच बोलले नसेन.

मी म्हणाले, आपण सगळे इथे फीच्या बदल्यात आलोय. पण एका जिन्यावर अशी माणसं आहेत जी कोणत्याही दाखल्याशिवाय, कुणी न सांगता, एका विसरभोळ्या म्हातारीला तिच्या घरात, मानाने जगवतात. खटका, गोंडा, पाव, 'तुमचा फोन वाजतोय', सगळं सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काठीवाल्या आजोबांचा नातू तर डोळे पुसत होता.

मॅडमनी टाळी वाजवली नाही. त्यांनी विचारलं, "म्हणजे गॅस त्यांच्या हाती सुरक्षित नाही?"

"नाही. पण काकू बंद करतात ना."

"आणि काकू एखाद्या दिवशी नसल्या तर?"

"असतातच."

"रस्ता किती वेळा चुकल्यात?"

मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मंगळवारी आम्ही येतो." बहुतेक काका-काकूंचा सत्कार करायचं त्यांच्या मनात असावं. मी काहीच बोलले नाही, त्यांना अचानकच कळू दे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

मावशींना ठेवणीतले कपडे घालायला लावले. केस मीच विंचरले. खुर्चीवर नवी उशी ठेवली. "कोण येतंय एवढं?" "तुम्हाला भेटायला मोठी माणसं येतायत." त्या खूश झाल्या. आरशात बघून म्हणाल्या, "पगारवाढीचं दिसतंय."

मॅडमबरोबर एक डॉक्टर आले. स्वभावाने फार चांगले, आवाज मऊ. त्यांनी विचारलं, आज वार कोणता?

मावशींनी बोट वर केलं. "लाइन एंगेज आहे. थोड्या वेळानं लावा."

मी हसले. डॉक्टरही हसतील म्हणून त्यांच्याकडे पाहिलं. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, महिना कोणता? मुलाचं नाव? ही मुलगी कोण?

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा बोट वर केलं, "लाइन..." म्हणाल्या आणि पुढचं विसरल्या. आणि तेव्हा मला कळलं, की इतके दिवस तो विनोद नव्हता. मी ट्रेनी का होते, तेही कळलं.

जिन्यात मी मॅडमना म्हणाले, "असं करू नका. त्यांचं बरं चाललंय."

"उद्या आग लागली तर?" मॅडम म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर लेकरं राहतात. तू सांगितलंस ते योग्यच केलंस. आता कळल्यावर मी गप्प बसू का?"

त्यांचं चुकत नव्हतं. हेच सगळ्यात वाईट.

१६ ऑक्टोबर, बुधवार

शिंपीकाकांनी आज मान वर केली नाही. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. "काका, मी चांगल्याच मनानं..."

"ते दिसतंय," ते म्हणाले. "वाईट मनानं केलं असतंत, तर चार शब्द सुनावले तरी असते तुम्हाला."

२० ऑक्टोबर, रविवार

मावशींच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी तिथे होते. मॅडमनी त्याला कळवलंय. त्याने मला फोनवर बोलावलं. तीन तीनदा आभार मानले. "आई तर दर वेळी ठणठणीत वाटायची. तुमच्यामुळे कळलं." तो रडत होता. मी म्हणाले, "नको हो, आभार नको." त्याला तो विनय वाटला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज मावशींना सरकारी वृद्धनिवासात नेलं.

त्यांना वाटलं, बदली झाली. "कुठल्या एक्स्चेंजला?" त्या ड्रायव्हरला विचारत होत्या. तो बिचारा म्हणाला, "मोठ्या." काळ्या फोनकडे वळून वळून बघत होत्या. मी म्हणाले, फोन घेऊ या. गाडीबरोबर आलेली बाई म्हणाली, तिथे चालत नाही, वस्तू मोजक्याच.

दुकानदार शटर अर्धं ओढून आत उभा होता. काकू तळाच्या पायरीवर बसल्या होत्या. मावशींनी जाता जाता त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाल्या, "तू का रडतेस? तुझी पाळी संध्याकाळची ना?"

काकांनी कडीचा गोंडा कात्रीने कापून मावशींच्या हातात दिला. त्यांनी तो मुठीत धरला.

६ नोव्हेंबर, बुधवार

मी मॅडमकडून उरलेली सेवा वृद्धनिवासात मागून घेतली. आत जायचा पास मिळाला. मॅडम म्हणाल्या, "शिक्षा करून घेऊ नकोस स्वतःला." मी म्हणाले, सेवाच आहे ना, कुठेही.

खोली स्वच्छ आहे. सहा पलंग, सहा कपाटं, खिडकीतून भिंत दिसते. जेवण वेळेवर. नर्स वाईट नाहीत, त्यांना हात कमी आहेत इतकंच. सगळं इतकं ठीक आहे की तक्रार कशाची करणार?

मावशी खुर्चीत बसून असतात. मी गेले की बघतात, पुन्हा दाराकडे बघतात. आज एवढंच बोलल्या, "अजून कुणी आलं नाही."

१६ नोव्हेंबर, शनिवार

त्या निजत नाहीत. नर्स म्हणते, पलंगावर झोपवलं की उठून पुन्हा खुर्चीत. रात्रभर तशाच ताठ. डुलकी लागली तर दचकून सावरतात, पकडलं गेल्यासारख्या. पाय सुजून पावलांचा आकार गेलाय. औषध दिलं तर बसल्या जागी मान टाकतात, पण पलंगावर म्हणून येत नाहीत. "हट्टी आहेत," नर्स म्हणाली, "म्हातारपणी लहान मूल होतं माणसाचं."

मला वाटतं, मुलाची वाट बघतायत. मी त्याला रात्री मॅडमच्या परवानगीने निरोप धाडला.

२४ नोव्हेंबर, रविवार

मुलाने ऑफिसातल्या फोनवर फोन केला. मावशींना चाकाच्या खुर्चीतून नेलं. रिसीव्हर कानाला लागताच आवाज एकदम टणक झाला. "बोला, कुठं जोडून देऊ?"

तो म्हणत असावा, आई, मी. कारण त्या म्हणाल्या, "आईंना? थांबा हं." आणि थांबून राहिल्या. कितीतरी वेळ. मग फार हळू म्हणाल्या, "उचलत नाहीत हो."

खोलीत परत आल्यावर पुन्हा दाराकडे बघत बसल्या. "अजून कुणी आलं नाही." म्हणजे मुलाचीही वाट नव्हती. मग कुणाची?

बैठकीत मी आता थोडक्यात सांगते. जेवल्या, औषध घेतलं. मॅडम म्हणतात, पूर्वीसारखं सांगत नाहीस.

१४ डिसेंबर, शनिवार

पदवी मिळाली.

आईने कालपासून माझ्या कपड्यांना तीनदा इस्त्री केली. बाबांनी सुट्टी काढली होती. सभागृहाच्या लिफ्टमध्ये त्यांनी तिथल्या लिफ्टमनशी हात मिळवला, "ही माझी मुलगी, हिला वर सोडा." भाऊ शिट्टी मारायला बोटं तोंडात घालून तयारच होता.

मॅडमनी मंचावर माझं नाव घेतलं. म्हणाल्या, या मुलीच्या जागरूकतेमुळे एका वृद्ध महिलेचा जीव वाचला, एका इमारतीवरचं संकट टळलं. टाळ्यांवर टाळ्या. बाबा रडायला लागले. मी खाली बघून चालत गेले, कागद घेतला, हसले सुद्धा. फोटोत ते हसू आलंय.

घरी बाबांनी कागद फडताळात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. आई माझ्याजवळ येऊन बसली. माझे केस सोडून पुन्हा बांधले, लहानपणी बांधायची तसे.

सेवा संपली. पास मंचावर चढायच्या आधीच परत घेतला गेला.

२० डिसेंबर, शुक्रवार

आज शिंपीकाकांच्या दुकानी गेले. का गेले, ठाऊक नाही. पायरीवरच उभी राहिले. काकांनी मशीन जोरात चालवलं. काकू आतून आल्या आणि म्हणाल्या, "झोपतात का त्या?"

"नाही. खुर्चीतच असतात. पाय सुजलेत."

"कोण उठवतं त्यांना?"

"नर्स उठवतात. पण त्या परत जाऊन बसतात."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! मी रोज संध्याकाळी हे गुडघे घेऊन तीन मजले काय गप्पा मारायला चढत होते? कुणीतरी मी आले म्हणायला नको का? त्याशिवाय ती बाई खुर्ची सोडेल का कधी?"

मशीन थांबलं.

मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुराची गोष्टही मीच ऐकली होती, आणि जिव्हाळा म्हणून लिहून मोकळी झाले होते. शनिवारच्या भाषणात गॅस सांगितला, पाव सांगितला. हे एवढंच सांगायचं राहिलं. यात मला कामाचं असं काही दिसलंच नव्हतं.

"तुम्ही का नाही गेलात, काकू?"

"दोनदा गेले. दारावर विचारतात, कोण लागता? शेजारीण म्हटलं. शेजारी चालत नाहीत म्हणाले. नात्याचे नाहीतर पासवाले."

काका पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले. "तुमच्याकडे पास आहे ना?"

"होता," मी म्हणाले.

२३ डिसेंबर, सोमवार

मावशी गेल्या. झोपेतच. सकाळी वृद्धनिवासातून मला फोन आला, कारण काल दारावरच्या वहीत नंबर माझा लिहिलेला होता. आई कामाला गेली नाही. बाबांनी चहा केला, तो तसाच गार झाला. मुलाला वृद्धनिवासाने कळवलंय. मी काका-काकूंना जाऊन सांगितलं. काकू म्हणाल्या, "निजल्या ना पण?" मी हो म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले.

काल जे केलं ते लिहून ठेवते.

संध्याकाळी गेले. पहारेकऱ्याने विचारलं, पास? नाही म्हटलं. कोण लागता? मी म्हणाले, "भाची." तो म्हणाला, आधी तर पासवर यायचात. मी म्हणाले, "पास संपला. नातं आहे." त्याने वही पुढे सरकवली. मी 'भाची' असं लिहिलं, खाली सही केली.

मावशी खुर्चीत होत्या. मान पुढे झुकलेली, पण पाठ टेकलेली नव्हती. लाल गोंडा मुठीत. नेहमी मी समोर जाऊन वाकून बोलायचे. काल मागून गेले. खांद्यावर हात ठेवला. हाडच हाताला लागलं.

"मी आले. उठा."

त्या वळल्या नाहीत. पण खांदा माझ्या हाताखाली हळूच खाली आला.

"उशीर केलास," म्हणाल्या.

"हो, मावशी. फार उशीर झाला."

"पाणी भरलं असेल रस्त्यात."

"हो."

"सगळं शांत आहे. एकच लाइन चालू आहे. ती तोडू नकोस, त्यांचं बोलणं संपायचंय." मग त्यांनी दोन्ही हात वर नेले, कानांवरून काहीतरी जपून उतरवलं आणि माझ्या ओंजळीत ठेवलं. "ट्रेनी ना तू?"

"हो."

"ऐकू येतं, पण...?"

"ऐकायचं नसतं."

त्यांनी मान डोलावली आणि उठल्या. त्यांना पलंगाशी नेलं. त्या स्वतःच आडव्या झाल्या, कुशीवर वळल्या, गुडघे पोटाशी घेतले. मी पांघरूण घातलं. सुजलेली पावलं उशीवर ठेवली. श्वास लागला तसा गोंडा मुठीतून सुटला, तो मी परत त्यांच्या हाताशी ठेवला.

मग मी खुर्चीत बसले. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, इतर खोल्यांतली माणसं गेली. मी बसून राहिले. शेवटी पाळीवरची नर्स आली. पलंगाकडे बघून दारातच थबकली.

"या आडव्या झाल्या?" ती कुजबुजली. "इतके दिवस आम्ही सगळे करून थकलो. काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"काही नाही," मी म्हणाले.